मामांचे हात

तीस वर्षे मी फळ्यावर मोटारी दुरुस्त केल्या. तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या माणसाचे हे एक सुख असते. फळ्यावरच्या मोटारीला गंज चढत नाही, तिचा बोल्ट अडकून बसत नाही, आणि खडूचा बाण दाखवील त्या दिशेने ती बिनतक्रार जाते. पुढची दोन चाके, त्यांना जोडणारे दांडे आणि मध्ये स्टेअरिंग, एवढे काढून झाले की मी मुलांकडे वळून म्हणत असे, "गाडी वळते कशी हे कुणीही सांगेल, ती सरळ का जाते ते सांगा." वर्ग गप्प बसे आणि मला मोठे बरे वाटे. पण खरे सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर मलाही पुस्तकातूनच ठाऊक होते. ते हाताला कळले ते निवृत्तीनंतर, सांगवीला, मामांच्या अंगणात.

सांगवी माझे आजोळ. बारामतीहून फलटणला जाणारा रस्ता नीरा नदी ओलांडतो, त्या पुलाच्या अलीकडचे हे गाव. पूल ओलांडला की सोमंथळी. तालुका बदलतो आणि जिल्हाही बदलतो. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या बाजूला खेळू लागले आणि जिराईत मुलखाचा हळूहळू उसाचा मुलूख झाला. दसरा-दिवाळी उलटली की उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि पावसाने आधीच खिळखिळा केलेला रस्ता त्यांच्या चाकांखाली उरलासुरला मोडतो. अशा रस्त्यावर जीप शोभते, ट्रॅक्टर शोभतो. माझ्या मामांनी मात्र तिथे दोन माणसांची, बसक्या अंगाची, डोक्यावर कापडी टप असलेली विलायती स्पोर्ट्स कार आणली.

त्याची कथा मामी फार तिखट सांगते. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मामा फियाट गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या जुळणीवर होते. १९७२ साली मुंबईत एका गृहस्थाची एम.जी. टीडी बंद पडून धूळ खात होती. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हते. मामांनी ती घेतली, दोन वर्षे रविवारी-रविवारी खपून चालू केली आणि गावी आणली. "दुष्काळात माणसं खडी फोडत व्हती, आन् ह्यांनी मोटार घेतली," असे मामी अजून म्हणते. पण दर दसऱ्याला त्या मोटारीला झेंडूची माळ तीच घालते.

ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५० च्या सुमारास बनू लागली. इंजिन साडेबाराशे सी.सी.चे, अंगाचा सांगाडा लाकडी, आणि स्टेअरिंग मात्र त्या काळाच्या मानाने फार तल्लख. त्या वेळच्या बहुतेक मोटारींत स्टेअरिंगची डबी असे; टीडीत दात असलेली दांडी आणि तिच्यावर फिरणारे लहान चक्र, म्हणजे रॅक आणि पिनियन. हात जरा वळवला की चाके वळलीच. अशी गाडी ठीक असली तर मनातली वाट ओळखते. बिघडली, तर मनात नसलेल्या वाटाही शोधू लागते.

मागल्या वर्षी दसरा झाल्यावर मामा-मामी रामाच्या दर्शनाला फलटणला निघाले. पुलाच्या अलीकडे डावे चाक एका खड्ड्यात गेले आणि गाडी सरळ डाव्या हाताच्या उसात शिरली. ऊस दाट होता म्हणून दोघे बचावले. मामीच्या कपाळाला टेंगूळ आले, मामांचा चष्मा फुटला, गाडीच्या दिव्याची काच गेली. एवढ्यावर निभावले.

निभावले असे आपण म्हणतो, पण खरे दुखणे तिथून सुरू झाले. मामा ऐंशीच्या घरातले. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरू लागले होते. डॉक्टरांनी तपासून पार्किन्सनचा आजार सांगितला होता. आपल्या वैद्यांचा शब्द कंपवात. त्यामुळे गाडी उसात कशी गेली, याचा निकाल घरात कुणी लावावाच लागला नाही. तो आपोआप लागला. मामेभावाने किल्ली कपाटात ठेवली आणि गाडीला गिऱ्हाईक पाहायला सुरुवात केली. मामा एवढेच म्हणाले, "गाडी ओढते. मी नाही वळवली." मामी पदराने डोळे पुसत म्हणाली, "ह्यांचं हात कापत्यात, पर कबूल करत न्हाईत."

दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा मामांनी मला ओसरीवर बसवून घेतले. "भाचेबुवा, तुम्ही शिकवलंत ना हे आयुष्यभर? मग सांगा. दोष माझा निघाला तर मी हूं की चूं करणार नाही. पण न तपासता नको." त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांवर घासत होती, जपमाळ ओढावी तशी. मी मान डोलावली; पण कबूल करतो, माझाही निकाल आधीच लागला होता. मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्यांच्या हातांकडे पाहत होतो.

रात्री झोप येईना तेव्हा ते बोलणे आठवू लागले. गुळगुळीत रस्त्यावर गाडी बरी चालते, असे ते म्हणाले होते. चाक खड्ड्यात गेले की हिसका बसतो, आणि तोही डावीकडेच. शिवाय ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो. थरथरणारा हात कधी डावीकडे जाईल, कधी उजवीकडे. तो खड्डा पाहून हलणार नाही आणि दर वेळी एकच बाजू निवडणार नाही. वर्गात एखाद्या मुलाने मला ही लक्षणे सांगितली असती, तर मी त्याला शाबासकी दिली असती. मामांनी सांगितली तेव्हा मी ती ऐकलीच नाहीत.

सकाळी मिस्त्रींना बोलावले. ते मूळचे सुतार. बैलगाड्यांची चाके करता करता ट्रॅक्टर दुरुस्तीला लागलेले. मी वही काढली, त्यांनी पान्हे काढले, आणि मामा खुर्ची टाकून अंगणात बसले.

अवखळ गाडी तपासण्याचा पहिला नियम असा की, जिथे झटका जाणवतो तिथून सुरुवात करू नये. झटका स्टेअरिंगला जाणवतो, कारण आपले हात तिथे असतात. सुरुवात करावी जमिनीपासून. गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण तळहाताएवढे. म्हणून आधी टायर.

टायर पाहिले आणि मी चमकलो. पुढचे दोन नवे होते आणि रेडियल होते. मागचे दोन जुने, आडव्या-तिरप्या धाग्यांचे, ज्यांना क्रॉसप्लाय म्हणतात तसे. मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात धागे चाकाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात, त्यामुळे टायरच्या बाजू लवचीक राहतात आणि तळ जमिनीला घट्ट चिकटतो. जुन्या टायरचे धागे एकमेकांना तिरपे छेदतात. वळणावर तो अधिक घसरतो. पुढे रेडियल आणि मागे जुना अशी जोडी लावली की पुढची चाके हुकूम ताबडतोब पाळतात आणि मागची मागे रेंगाळतात. गाडीचे शेपूट बाहेर जाऊ पाहते. विलायतेत अशी जोडी लावायला कायद्यानेच मनाई आहे. इथे कुणा भल्या माणसाने, वळतात ती पुढची चाके म्हणून नवे टायर पुढे बसवले होते. वर हवा भरली होती चाळीस पौंड. गाडीच्या पुस्तकातला आकडा याच्या निम्म्याच्या आसपास आहे. फुगून कडक झालेला टायर खड्डा गिळत नाही, तसाच वर पोचवतो.

चारही टायर एका जातीचे होईपर्यंत दोन दिवस गेले. मी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. शेपूट शांत झाले होते. डावीकडचा हिसका कायम होता. ॲक्सिलरेटर सोडला की मागचे सरकणेही कायम होते.

दुसऱ्या नियमाप्रमाणे मी एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो. मिस्त्रींना हे पसंत नव्हते. "सायेब, समदंच आवळून टाकू की," ते म्हणाले. मी म्हटले, "मग कशाने बरी झाली ते कसं कळायचं?" त्यावर मामा खुर्चीतून म्हणाले, "आणि ती बरी झाली की मी, तेही कळायचं नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही गवंड्याची दोरी आणली. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजले. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. डावी बाजू जवळजवळ पाऊण इंच जास्त भरली. म्हणजे मागचा आस तिरपा बसला होता. मिस्त्री खाली सरपटले आणि आतूनच ओरडले, "पाट्याचा यू-बोल्ट ढिला हाय!" मागचा आस कमानीच्या पाट्यांवर या यू-बोल्टांनी आवळलेला असतो. एका बाजूचा बोल्ट ढिला पडला की इंजिनाचा जोर लागताच तो आस पुढे सरकतो आणि जोर गेला की मागे येतो. गाडीला मागून कुणी गुपचूप वळवावे तसा हा प्रकार. हात पुढच्या स्टेअरिंगवर आणि वळण मागून! मिस्त्रींना याची फोड करून सांगावी लागली नाही. "बैलगाडीचं बी तसंच," ते म्हणाले. "आस तिरका बसला की बैल किती बी सरळ चालू द्या, गाडी चाकोरी सोडती. अन् लोक बैलाला मारत्यात."

हे वाक्य ऐकून मामेभाऊ घरात निघून गेला.

आस सरळ करून बोल्ट आवळले. मागचे सरकणे थांबले. आता उरला तो खड्ड्यातला हिसका. फळ्यावर मी त्याचे नाव इंग्रजीत लिहीत असे आणि मुले ते पाठ करीत. मराठीत सांगायचे तर, चाक वर-खाली होताना आपोआप वळणे. यासाठी झोपाळा आठवावा. दोन्ही कड्या एका पातळीत आणि साखळ्या सारख्या लांबीच्या असल्या तर पाट सरळ झुलतो. एक कडी वर आणि एक खाली झाली की झोका घेताना पाट तिरका होतो. पुढचे चाक असेच टांगलेले असते. त्याला धरणारे हात एका कमानीत वर-खाली होतात आणि त्याला वळवणारा टाय रॉड दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळल्या तर चाक खड्ड्यात जाऊनही नाक सरळ ठेवते. न जुळल्या तर प्रत्येक खड्डा स्टेअरिंगवर हुकूम चालवू लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कॅडिलॅक कारखान्यात चाकांच्या असल्याच खोड्यांचा छडा लावण्यात वर्षे घालवली, तेव्हा कुठे १९३४ च्या गाड्यांना पुढची सुटी चाके देण्याचे धाडस झाले.

डाव्या चाकाची स्प्रिंग मिस्त्रींनी जपून उतरवली. दाबलेली स्प्रिंग म्हणजे आवळून धरलेला साप. ती उतरवताना कुणी समोर उभे राहू नये. मग चाकाला एक सरळ फळी बांधली, स्टेअरिंग पक्के केले आणि जॅकने चाक बोट-बोट वर उचलत गेलो. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ओळंबे. वर जाताना दोन्ही ओळंबे जागच्या जागी राहायला हवे होते. पुढचा ओळंबा हळूहळू बाहेर चालू लागला. दोन इंच उचलले तेव्हा तो अर्धा बोट बाहेर गेला होता. उजव्या चाकाचा ओळंबा मात्र हलला नाही.

"रॅक बघ," मामा म्हणाले. ते खुर्चीवरून उठून कधी जवळ आले ते आम्हाला कळले नव्हते.

रॅकच्या डाव्या टोकाच्या कंसाखाली कुणीतरी वायसरांची चळत घातली होती. बहुधा केव्हातरी दुरुस्तीत कंस वाकला, तो सरळ करण्याऐवजी वायसर घालून वेळ मारून नेली. डावे टोक वर उचलले गेल्यामुळे त्या बाजूचा टाय रॉड बाहेरच्या अंगाला उतरता झाला होता. चाक वर गेले की उतरता रॉड आडवा होई, आडवा होताना बाहेर रेटला जाई आणि चाकाचे नाक डावीकडे ढकली. दर खड्ड्याला, दर वेळी, डावीकडेच. मामांनी सांगितले होते तसे.

कंस सरळ केला, वायसर काढले, पुन्हा जॅक लावला. ओळंबा जागचा हलला नाही. मामेभावाने ते स्वतः वाकून पाहिले. मग आत जाऊन त्याने किल्ली आणून मामांच्या पुढे धरली. बोलला काहीच नाही.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. निर्दोष सुटका झाली, पेढे वाटावेत आणि दिवाळी करावी. पण मी त्या आठवड्यात आजाराबद्दलही वाचत होतो, आणि एक योगायोग मला सोडीना. गाडीची पुढची दोन चाके स्वतंत्र खुंट्यांवर वळवण्याची युक्ती म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याची; तिचे इंग्लंडातले पेटंट रुडॉल्फ ॲकरमनने १८१८ साली लंडनला घेतले. आणि त्याच लंडनमध्ये एकच वर्ष आधी, १८१७ साली, जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने थरथरणाऱ्या माणसांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात रोगी अवघे सहा. त्यांतले काही तर त्याला रस्त्यात चालताना दिसलेले. गाडी कशी वळते आणि हात का थरथरतो, हे दोन्ही कागद एकाच गावात जवळजवळ बरोबरच उमटले.

त्या आजारात थरथर बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना दिसते. हाताने काही धरले, काही करायला घेतले की ती कमी होते. मामा गाडीत बसले तेव्हा मी हेच पाहिले. मांडीवर जपमाळ ओढणारी बोटे स्टेअरिंगवर येताच निमूट झाली. आम्ही सगळे त्यांच्या हातांवर आळ घेत होतो आणि स्टेअरिंगवरचे ते हात माझ्या हातांपेक्षा स्थिर होते. पुलाजवळचा तोच खड्डा आला. मामांनी मुद्दाम डावे चाक त्यात घातले. गाडी खाली गेली, वर आली आणि नाकासमोर चालत राहिली. मामा हसले. पन्नास वर्षांपूर्वी ती गाडी गावात आणताना ते असेच हसले असतील.

परतताना उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. मागे दोन ट्रॉल्या. बराच दूर होता. "थांबतो," मामा म्हणाले. त्यांनी तो पाहिला होता आणि थांबायचे ठरवलेही होते. पण पाय उचलला जाईना. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जायला वीतभर अंतर असते. ते अंतर कापायला त्यांच्या पायाला एवढा वेळ लागला की माझा हात नकळत हँडब्रेककडे गेला. गाडी थांबली. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी आमच्या दिव्याला घासत होती. स्टेअरिंग जराही हलले नव्हते.

त्या आजाराचे दुसरेही एक लक्षण आहे, हालचाली मंदावतात. ते डोळ्यांत भरत नाही. थरथर दिसते, म्हणून आपण तिच्याकडे बोट दाखवतो. गाडीचा दोष हातात जाणवत होता आणि होता चाकापाशी. मामांचा दोष हातात दिसत होता आणि होता पायात. आम्ही दोन्हीकडे एकच चूक केली होती.

ट्रॅक्टर निघून गेला. मामांनी इंजिन बंद केले. थोडा वेळ ते समोर पाहत राहिले. मग दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक."

घरी पोचलो तेव्हा मामी ओवाळायला ताट घेऊन दारात उभी होती. मामेभाऊ पुढे आला आणि म्हणाला, "म्हणजे दोष गाडीचाच होता तर, दादा. चुकलं आमचं."

"गाडीचाही होता," मामा म्हणाले, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

गाडी विकली नाही. पाडव्याला मामेभावाने आईवडिलांना तिच्यातून एकेक करून फेरी मारून आणली, कारण गाडीत जागा दोघांचीच. मी गेलो की मामांना पुलापर्यंत नेतो. ते डावीकडे बसतात, बोटांची जपमाळ चालू असते. खड्डा आला की ती थांबते. ते कान देऊन ऐकतात, आणि चाक वर आल्यावर दर वेळी तेच म्हणतात, "बघ. हलली नाही."